हिच्या नजरेपुढे काय लावू?

आमच्या दूधवाल्याची म्हैस मेली तेव्हा तो ती हकिगत दारोदार सांगत फिरत होता. सकाळी किती वाजता जाग आली, बायकोनं चहात साखर कशी कमी घातली, गोठ्याची कडी कशी अडकली, असं करत करत म्हशीपर्यंत पोचायला त्याला अर्धा तास लागायचा. आम्ही सगळ्यांनी तो अर्धा तास मुकाट्यानं सोसला. माणसाची म्हैस मेली आहे म्हटल्यावर काय बोलणार? आमच्या शेजारच्या गृहस्थांनी मात्र दुसऱ्याच मिनिटाला हात वर केला आणि म्हणाले, "म्हशीपासून सांगा." दूधवाला असा दुखावला की आठवडाभर त्यांच्याकडे दूध घातलं नाही. पण आठव्या दिवशी तोच दूधवाला नाक्यावर कुणाला तरी हकिगत सांगताना मी ऐकलं. म्हैस पहिल्याच वाक्यात मेली होती आणि ऐकणारा डोळे पुसत होता.

तर असे ते. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सिनेमाच्या पाट्यांत आपलं नाव लहान अक्षरांत यावं म्हणून भांडणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. पालघरात त्यांना सगळे 'फीतवाले' म्हणत. मुंबईच्या स्टुडिओत वीसेक वर्षं संकलक म्हणून काढली, आणि मग एक दिवस सगळा पसारा ट्रकमध्ये घालून आमच्या शेजारच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायला आले. का आले म्हणून विचारलं तर सांगायचे, "तिथे माणसं फार बोलतात." जसं काही पालघरची माणसं मुकीच होती!

संकलक म्हणजे काय हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. मला वाटायचं, सिनेमा काढतात तसाच पडद्यावर येतो. ते म्हणाले, "भाजी आणली म्हणजे जेवण झालं का?" एवढंच. मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक बांबू आडवा बांधलेला, त्याला ओळीनं खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला फितीचे तुकडे लोंबत होते, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर. त्यांची टोकं जमिनीला लागू नयेत म्हणून खाली एक जुनं स्वच्छ धोतर झोळीसारखं बांधलं होतं. टेबलावर हातानं फिरवायच्या दोन चरक्या, मध्ये पोस्टकार्डाएवढी काच. चरकी फिरवली की त्या काचेत माणसं हलायची. एका हातानं ते त्यांना पुढे न्यायचे, दुसऱ्या हातानं मागे.

हे सगळं ते पांढरे सुती हातमोजे घालून करायचे, कारण फितीला बोटांचे डाग पडतात. आमच्या शेजारणीला, म्हणजे त्यांच्या घरमालकिणीला, ते काही माहीत नव्हतं. या माणसाच्या हातांना काही तरी झालं आहे, असं तिनं परस्पर ठरवलं आणि दोन महिने न चुकता कडुनिंबाचा पाला दाराशी ठेवत राहिली. ते तो पाला उचलून कपाटात ठेवत. एकदा मोजे काढून वाल निवडताना तिनं त्यांना पाहिलं. हात तिच्यापेक्षा गोरे आणि नितळ! ती जी चिडली, ती त्या पाल्याचं विसरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांचं कापणं फितीपुरतं नव्हतं, खोड जिभेवर आणि कानावरही होती. बोलणं मधूनच सुरू करायचे. दारात उभे राहून 'नमस्कार, बऱ्या आहात ना' असलं काही नाही, थेट "आणि तो तिसरा परिच्छेद काढला तर?" मला बापडीला आधी आठवावं लागायचं की कुठल्या निबंधाचा. हो, माझ्या वर्गातल्या मुलींचे निबंधसुद्धा त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. 'माझी आई' या विषयावरच्या चाळीस वह्या मी तपासत बसले होते. त्यांनी एक उचलली, वाचली, आणि मधल्या एका ओळीखाली नखानं रेघ मारली. 'आई भाकरी करताना बाबांशी बोलत नाही.' म्हणाले, "निबंध इथे आहे. बाकी सगळं कागदाचं वजन." मी तेव्हा रागावले. पण त्या मुलीला दहापैकी नऊ दिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते, नाही तर मीच दूधवाला व्हायची.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चालू होतं. बोईसरला उतरलं की निम्मे लोक हिंदी बोलायचे, देशावरची, खानदेशातली कितीतरी कुटुंबं कामाला आलेली. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला ते बांधकाम लांबून दाखवायला न्यायचं अशी पद्धतच पडून गेली होती. त्याच बाजूला खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांचं एक गाव आहे. पालघरला यायच्या आधी मी तिथल्या शाळेत तीन वर्षं शिकवलेलं. त्या गावाच्या मच्छीमार सोसायटीला बर्फाचा कारखाना हवा होता. बर्फ नसल्यामुळे मासळी दुपारपर्यंत टिकायची नाही, दलाल मागेल त्या भावाला द्यायची, नाही तर वाळूत पुरायची. अर्ज करून करून चेअरमन थकले. मग कुणी तरी डोक्यात घातलं की साहेबलोकांना अर्ज वाचायचा कंटाळा येतो, त्यांना सिनेमा दाखवा. मुंबईचा एक कॅमेरावाला आला, पंधरा दिवस राहिला, अकरा डबे भरून चित्रं घेतली आणि दुसरं काम मिळालं म्हणून निघून गेला. ते अकरा डबे आमच्या फीतवाल्यांकडे आले, आणि निवेदन लिहायला, गाव ओळखणारी म्हणून, मी.

मला वाटलं, आता हे आधी गाव बघायला जातील. तारापूर काय लांब आहे? चेअरमन स्वतः न्यायला आले होते. हे म्हणाले, "नाही. तिकडे माझी माणसं आहेत." चेअरमन म्हणाले, मग तर यायलाच हवं. "म्हणूनच नाही येत," असं म्हणून आत निघून गेले. चेअरमन माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यांचा तो नियम होता. ज्या जागेची फीत हातात आहे ती जागा पाहायची नाही, त्यातल्या माणसांना भेटायचं नाही. मुंबईत असताना एका नटीनं एकदा त्यांना सेटवर प्रेमानं चहा दिला म्हणे. बाई फार साधी आणि चांगली. झालं! पुढे तिचा एक वाईट शॉट त्यांच्यानं कापवेना, दरवेळी तो चहा आठवायचा. सिनेमा आपटला. तेव्हापासून यांनी कानाला खडा लावला. फितीत जे आहे तेवढंच बघणाऱ्याला दिसणार, मग मला तरी जास्त का दिसावं, असं म्हणायचे. हा सिनेमा जुळवायला लागलेले आठ महिने हा माणूस रोज संध्याकाळी फिरायला गेला तो मनोरच्या रस्त्यानं, मासवणच्या दिशेला. पश्चिमेला म्हणून पाऊल टाकलं नाही. एसटी स्टँडवर बोईसरची पाटी लावलेली गाडी उभी असली तर तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. लोक हसायचे. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू?

अकरा डबे त्यांनी दोन आठवडे नुसते पाहिले. एक तुकडा कापला नाही. मग चेअरमनना बोलावून विचारलं, ही गोष्ट कुणाची. चेअरमन म्हणाले, बर्फाच्या कारखान्याची. "तो तर यात कुठेच नाही." नाही म्हणून तर पाहिजे, असं चेअरमन म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर होतं. फीतवाल्यांनी मान हलवली. पुढचे चार दिवस 'नाही म्हणून तर पाहिजे' एवढंच स्वतःशी पुटपुटत होते.

मी निवेदन लिहून नेलं होतं. सुरुवात सूर्योदयापासून. अथांग सागर, सोनेरी किरणं, शिडांच्या शुभ्र रांगा. चांगली दोन पानं होती आणि माझ्या मते बरी उतरली होती. त्यांनी वाचून परत दिली. म्हणाले, "सूर्य सगळ्यांकडेच उगवतो." आणि सुरुवातीला काय लावलं? तर कुजलेली मासळी वाळूत पुरणारी माणसं. नुसते हात आणि फावडी. मला वाटलं, कुणी तरी गेलं आहे आणि पुरताहेत. तसंच वाटावं अशी त्यांची इच्छा होती. मासळी आहे हे नंतर दिसायचं, आणि दिसलं की ते जास्तच लागायचं. त्याच्या मागून सबंध दिवस उलगडायचा, होडी निघते, जाळं पडतं, मासळी येते, किनाऱ्यावर बायका वाट बघतात, ऊन चढतं, दलाल येतो. चित्रं तीच. मी ती सुटी सुटी दहा वेळा पाहिली होती आणि मला त्यात मासे सोडून काही दिसलं नव्हतं. ते एकामागून एक लागल्यावर मी माझी दोन पानं फाडून टाकली आणि नव्यानं सव्वा पान लिहिलं.

सिनेमा जवळजवळ जुळला आणि मग ते मला म्हणाले, "बसा, गंमत दाखवतो." चरकी फिरवली. काचेत किनारा आला, मासळी निवडणाऱ्या बायका आल्या, आणि त्यातली एक मान वर करून बघू लागली. चौथ्या सेकंदाला कट. होडी. होडीच्या टोकाशी एक माणूस उभा, तो इकडे बघतोय. परत ती. ती खाली बघते आणि मासळी निवडायला लागते. तोंडावर एवढंसं हसू.

बस, एवढंच. पण माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच दुसरा आला तो भीतीचा, कारण ती दोघंही मला माहीत होती. ती हिरू. तिची धाकटी नणंद माझ्या वर्गात होती. हिरूचा नवरा तीन वर्षांपूर्वी दर्यात गेला, घरात ती, नणंद आणि सासू, काशीबाय. आणि होडीवरचा तो माणूस म्हणजे त्यांच्याच होडीचा तांडेल. नवरा गेल्यावर होडी तोच चालवायचा आणि वाटा घरी आणून द्यायचा.

मी त्यांना सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, मोज्यांसकट. कोण आहेत ते सांगू नका म्हणाले. मी पण मास्तरीण आहे, वर्ग गप्प करायची सवय. मी कानांवरचे हात काढून सांगितलं, की ही बाई विधवा आहे, होडी आली का बघते आहे, आणि तुम्ही कापून जोडून तिचं लफडं तयार केलंत. हे गावात दाखवलं तर तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी जोडलं नाही हो. सापडलं." आणि मला सावल्या दाखवल्या. तिची सावली पायाशी, त्याचीही पायाशी, म्हणजे वेळ एकच. तिच्यामागच्या शिडाला ठिगळ, त्याच्या शॉटात तेच शीड. अकरा डब्यांत ती चार वेळा मान वर करून उजवीकडे बघते आणि चारही वेळा पुढच्या तुकड्यात त्याची होडी लागते आहे. दुसऱ्या होड्या लागताना ती मान वर करत नाही. मी म्हटलं, मी तीन वर्षं त्या गावात काढली आहेत, मला नका शिकवू. तुम्ही तिकडे पाऊल ठेवलं नाही आणि मला गाव सांगता?  तो तुकडा काढणार नाही, एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं. कारखाना साहेब बर्फासाठी देणार नाहीत, या दोघांसाठी देतील, सिनेमाचा जीव तिथे आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं होतं, तीच तर पंचाईत होती!

सिनेमा साहेबांकडे जायच्या आधी गावाला दाखवायचा असं चेअरमननी कबूल केलेलं. श्रावणात, होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा, सगळं गाव घरी असताना. मध्ये दहा दिवस होते. रविवारी मी सरळ गाडी धरली आणि हिरूला गाठून सांगून टाकलं, की असा असा माणूस आहे, त्यानं असं असं खोटं जोडलंय, पण तू काळजी करू नको, मी ते काढायला लावते. हिरूनं सगळं ऐकून घेतलं. पाटीतल्या सुक्या बोंबलांवरून हात फिरवत म्हणाली, बाजारच्या दिवशी येते, मला दाव.

आली. डोक्यावर पाटी, दुपारची वेळ. मी शाळेतून मधल्या सुट्टीत धावत आले होते. दार त्यांनीच उघडलं आणि जागच्या जागी थिजले. तिला ते अजिबात माहीत नव्हते, पण त्यांनी तिला आठ महिने रोज पाहिलं होतं. मान वळवायच्या आधी ती उजव्या हातानं पदर खोचते, हेसुद्धा त्यांना पाठ होतं. तिनं तेवढ्यात पदर खोचला. हे दोन पावलं मागे सरले आणि चक्क दार लावून घेतलं! मी दार वाजवणार होते, हिरूनं मला थांबवलं आणि पाटी उतरवून पायरीवर बसली. पाच मिनिटांनी दार उघडलं. "या," ते म्हणाले. त्यांनी कुणाला 'या' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी चरकी फिरवली. ती काचेवर वाकली. आधी स्वतःला बघून हसली, एवढी काळी हाय का मी म्हणाली. मग तिनं वर बघितलेलं तिनं बघितलं. मग तांडेल आला. मग परत ती.

"परत दाव," ती म्हणाली. हिरूच्या वस्तीत तुम्ही-बिम्ही नसतं. त्यांनी परत दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. मी मध्येच म्हटलं, बघितलंस ना, हे काढायला सांगते आहे मी यांना, कुणाचा कुणाशी संबंध नाही आणि—

"मास्तरीनबाय, तू गप ऱ्हा," हिरू म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, आवाज न चढवता, "खोटं असतं तं रावदे म्हनली असती. लोकं चार दिस हसली असती न् गप झाली असती. खरं हाय म्हून काप."

मी खुर्चीवर बसले. तीन वर्षं त्या गावात काढलेली मी!

मग तिनं सांगितलं, जमिनीकडे बघत पण धीटपणानं. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न करायला कुणाची आडकाठी नसते. पण त्यांच्या वस्तीतली रीत अशी, की बाईनं ते आधी सासूला सांगायचं, समोर बसून, स्वतःच्या तोंडानं. मग सासूच तिला घेऊन जातीच्या चार माणसांपुढे जाते. सासूला बाहेरून कळलं तर ती बाई घरातून चोरून गेली असं धरतात. सासूचं दार बंद, आणि मग पाट लागला तरी मान राहत नाही. हिरूला पावसाळा सरून दर्या उघडेपर्यंत दम धरायचा होता. काशीबायनं एकुलता एक मुलगा घालवलेला. तिच्यापुढे बसून हे बोलायचं म्हणजे धीर गोळा करावा लागतो.

"आमचं आमी सांगू," ती म्हणाली. "पिच्चर आदी सांगल, तं मंग मी काय सांगू?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आठ महिन्यांचं काम होतं. शिवाय, हे मला नंतर कळलं, मुंबईतले काही जुने लोक हा सिनेमा बघायला येणार होते आणि त्यावरून त्यांना पुन्हा मोठं काम मिळायची शक्यता होती. मला वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी फीत चरकीवरून काढली, जोडाच्या जागी हलकेच सोडवली आणि तांडेलाचा तुकडा बांबूवरच्या खिळ्याला लावला. 

पण मग अडलं. हिरू बघते आहे, तर काय बघते आहे? तिच्या नजरेपुढे काही तरी लावायला हवं होतं. त्यांनी रिकामा समुद्र लावून पाहिला. काचेत हिरूनं मान वर केली आणि लाटा आल्या. मला वाटलं, छान झालं, आता कुणी बोट दाखवणार नाही.

"नको," दोघं एकदमच म्हणाली. ते म्हणाले, समुद्र लावला की ही जन्मभर मेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई होणार. अख्खं गाव रडेल आणि हिला देवी करेल. मग ही कुठल्या तोंडानं सांगणार? हिरू म्हणाली, "त्याला मी रडले. आता पिच्चरमदी परत नको रडवू." मी तर फक्त तिची अब्रू वाचवायला निघाले होते. वाचवता वाचवता तिला कायमची गाडून ठेवली असती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग त्यांनी होडी लावली, दलालाची गाडी लावली, पाटी, पक्षी. ज्या ज्या वस्तू लावल्या त्या त्या वस्तूची ती बाई व्हायची. शेवटी हात टेकले आणि तिलाच विचारलं, "तुमच्या नजरेपुढे काय लावू?"

"काय नको लावू," हिरू म्हणाली. "बगते हाय, बगूंदे."

त्यांनी समजावलं, की इतका वेळ एकच शॉट ठेवला तर माणसं खोकायला लागतात. पण समजावता समजावता हात कपाटाकडे गेला होता. हिरूच्या शॉटचा उरलेला तुकडा काढून जोडला. चौदा सेकंद. हिरू मान वर करते, बघते, बघते, वारा पदर उडवतो, ती तो खोचते, बघते, मग आपली आपण मान खाली घालते. मध्ये कुठे कट नाही. इतका लांब तुकडा त्यांनी आयुष्यात ठेवला नव्हता, असं पुढे बरेच दिवस सांगायचे, आणि तक्रार केल्यासारखं सांगायचे. माझ्या निवेदनाच्या कागदावर त्या जागी त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'इथे गप्प बसा.'

निघताना त्यांनी तांडेलाचा कापलेला तुकडा खिळ्यावरून काढून तिच्यापुढे धरला, घेऊन जा म्हणाले. हिरूनं हातभर फितीतले ते इवलेसे तांडेल उजेडात धरून पाहिले आणि परत दिले. "ह्यो ठेवून काय करू? खरा रोज घरला येतो की." आणि त्यांना मूठभर बोंबील देऊन गेली.

श्रावणात सुकी मासळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमा लागला. दुपारचे चार वाजलेले. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना शिडाची कापडं बांधली होती. ते अर्थातच आले नाहीत. यंत्र चालवायला मुंबईचा एक माणूस होता, आणि निवेदन अजून फितीवर चढलं नव्हतं म्हणून यंत्राशेजारी उभी राहून ते मी वाचत होते. पहिल्याच शॉटला शेडमध्ये चिडीचूप. मासळी दिसल्यावर कुणी तरी मोठ्यानं शिवी घातली ती दलालाला, आणि मला कळलं, सिनेमा लागू पडला.

काशीबाय माझ्या पायाशी बसली होती. हिरू पुढे बायकांत. तांडेल मागे खांबाला टेकून उभा. मी वाचत वाचत पेन्सिलीच्या त्या ओळीपर्यंत आले आणि गप्प झाले.

पडद्यावर हिरूनं मान वर केली. आपल्या हिरूला बघून बायका फिसकन हसल्या, मग थांबल्या. ती बघतच होती. कुणी खोकलं नाही. पोरंसुद्धा गप्प. तिनं पदर खोचला आणि तशीच बघत राहिली. तेवढ्यात काशीबायनं, कुजबुजल्यासारखं नाही, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "ही माज्या पोराची वाट नाय बगत."

 सगळ्या माना वळल्या. यंत्राची घरघर तेवढी चालू होती. पडद्यावरच्या हिरूनं मान खाली घातली आणि खालची हिरू उठून उभी राहिली. म्हातारी तिच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नेहमीचाच, मासळीचा भाव करतानाचा.

"सांगशील कदी, हिरू? मी मेल्यावर?"

हिरू बायकांच्या पायांत अडखळत आली. म्हातारीच्या पुढ्यात मांडी घालून बसली, तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि सांगितलं. काय सांगितलं ते मी दोन हातांवरून ऐकलं, पण इथे लिहीत नाही. तिचं तिनं सांगायचं होतं, ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पडद्यावर बर्फावाचून नासणाऱ्या मासळीचं सुरू झालं होतं आणि माझं वाचायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि हे सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, काही न गाळता. त्यांनी मध्ये हात वर केला नाही. ऐकून झाल्यावर मोजे काढून टेबलावर ठेवले. मग त्यांनी विचारलं की तांडेल काय म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, मागचा खांब सोडून पुढे आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला.

"कुठल्या बाजूला?"

मी आठवून सांगितलं, उजव्या, फितीत ती बघायची त्याच.

"मग बरोबर लावला होता मी," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.